बाभुळगावचा हरभरा आणि बाब-अल-मंदेबचा वळसा

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगाव तालुक्यात हरभऱ्याच्या पेरणीला डीएपी, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट हे खत, मिळत नव्हते. त्या दिवसांत पंजाबपासून मध्य प्रदेशापर्यंत सगळीकडे हीच ओरड होती. तेव्हा एका गावाची गोष्ट वेगळी काढून का सांगावी, असे कोणी विचारले तर माझे उत्तर असे आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. सामुद्रधुन्या आणि आखाते यांचे सामरिक महत्त्व हा भाग दरवर्षी येतो. त्यात तेल असते, युद्धनौका असतात, नकाशा भरायचा असतो. समोर बसलेल्या मुलांच्या वावराशी त्याचा काय संबंध, हे मात्र पुस्तक सांगत नाही. या प्रकरणात तो संबंध स्पष्ट दिसतो, कारण हे खत बाब-अल-मंदेबसारख्या सामुद्रधुन्यांतूनच आपल्याकडे येते. तो पाहिल्यावर माझे मत असे झाले की समुद्रातली अडचण कोरडवाहू शेतकऱ्यापर्यंत भावाच्या रूपात कमी आणि उशिराच्या रूपात जास्त पोहोचते, आणि त्याला हा उशीर वाढलेल्या भावापेक्षा महाग पडतो.

गाव आणि हंगाम

गाव धामणगाव-यवतमाळ रस्त्यापासून आत आहे. ज्यांच्या शेताची ही हकीकत आहे ते आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील. गावात त्यांना सगळे काकाजी म्हणतात, मीही तेच म्हणतो. सहा एकर काळी जमीन, विहीर नाही. खरिपात सोयाबीन आणि तूर, सोयाबीन सोंगून झाले की चार एकरांत हरभरा. वाण जॅकी ९२१८. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या बरेच खाली सौदे होत होते. तरी पेरणीसाठी पैसा हवा म्हणून त्यांनी थोडा माल विकून टाकला. म्हणजे खताचे पैसे हातात होते, ही गोष्ट पुढच्या सगळ्या हिशेबात लक्षात ठेवावी लागते.

कोरडवाहू हरभरा जमिनीत उरलेल्या ओलीवर येतो. परतीचा पाऊस थांबला, वापसा आला, म्हणजे जमीन पेरण्याजोगी ओली राहिली, की पेरणीचे दिवस सुरू होतात आणि ते फार राहत नाहीत. काकाजी रोज सकाळी वावरात जाऊन तळहाताएवढी माती उकरत आणि मुठीत दाबून पाहत. गोळा होतो का, आणि बोटाने ढोसला की फुटतो का, एवढेच पाहायचे. ऑक्टोबरच्या उन्हात वरचा थर लवकर कोरडा होतो. बी खोल टाकावे तर उगवण मागेपुढे होते, वर टाकावे तर ओल मिळत नाही.

यात स्फुरदाची (फॉस्फरसची) अडचण वेगळी आहे. नत्र (नायट्रोजन) नंतरही देता येते, युरिया फेकून पाणी पडले की काम होते. स्फुरद जमिनीत जवळजवळ हलतच नाही. आमच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तर ते लवकर बांधले जाते, म्हणून ते पेरणीच्या वेळीच बियाच्या खाली, मुळाच्या वाटेवर पडावे लागते. हरभऱ्याला हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद ही नेहमीची शिफारस. डीएपीच्या ५० किलोच्या थैलीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते, त्यामुळे एकरी एक थैली हा हिशेब गावात लहान मुलालाही पाठ असतो. पेरणी झाल्यावर पंधरा दिवसांनी डीएपी आले तर या हंगामाला त्याचा फारसा उपयोग नाही.

काकाजी बाभुळगावला गेले, मग धामणगावला गेले. दुकानात एकच उत्तर: पुढच्या आठवड्यात रॅक, म्हणजे खताची मालगाडी, लागणार आहे. एका ठिकाणी माल होता, पण सोबत दुसरी एक बाटली घ्यावी लागेल असे सांगण्यात आले. ही लिंकिंगची पद्धत बेकायदा आहे आणि टंचाईतच तिला बळ येते. ते परत आले. मला भेटले तेव्हा म्हणाले, "सर, भाव वाढला असता तं उसनवार करून आणलं असतं. मालच नाही, त्याले काय करता?"

भाव खरेच वाढला नव्हता. डीएपीची थैली १,३५० रुपयांनाच होती. जागतिक बाजारात भाव वर गेला, जहाजाचे भाडे वाढले, विमा वाढला, तरी छापील किंमत तीच राहावी म्हणून केंद्र सरकारने नेहमीच्या अनुदानाशिवाय टनामागे ३,५०० रुपयांचे विशेष साहाय्य दिले होते. ते आवश्यक होते, याबद्दल मला शंका नाही. पण भाव बांधून ठेवला की टंचाई दुसऱ्या वाटेने बाहेर पडते. इथे ती तारखेच्या वाटेने बाहेर पडली.

थैलीवरचा देश

बारावीच्या मुलांना मी सांगितले की घरी डीएपीच्या रिकाम्या थैल्या असतील तर घेऊन या. थैल्या भरपूर आल्या. आमच्याकडे रिकामी थैली फेकत नाहीत. बी ठेवायला लागते, कापूस वेचायला लागते, चार-सहा उसवून शिवल्या की मळणीला खाली अंथरायला होते. २०२२ पासून सगळ्या कंपन्यांच्या थैल्यांवर 'भारत डीएपी' हे एकच नाव ठळक असते, त्यामुळे मुलांना वाटत होते की हे खत इथलेच. मग आम्ही खालची बारीक अक्षरे वाचायला घेतली. मूळ देश: सौदी अरेबिया. मूळ देश: मोरोक्को. जॉर्डन, चीन, रशिया. काही अक्षरे उन्हापावसाने पुसली होती, ती मुले खिडकीजवळ नेऊन वाचत होती.

भारताला लागणाऱ्या डीएपीपैकी निम्म्याहून जास्त तयार माल बाहेरून येतो. जे इथे बनते त्याचाही कच्चा माल, म्हणजे फॉस्फेट खडक, फॉस्फोरिक आम्ल, अमोनिया, गंधक, बहुतांशी बाहेरचाच. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा इथे आपल्या देशाची खडकाची खाण आहे, पण गरजेच्या मानाने ते थोडे.

मग फळ्यावर नकाशा टांगून प्रत्येक थैलीची वाट काढली. सौदीचे खत रास अल खैर या बंदरातून निघते. ते इराणच्या आखाताच्या काठावर आहे, म्हणजे बाहेर पडायला होर्मुझ. मोरोक्कोचे जोर्फ लास्फर बंदर अटलांटिकच्या काठावर. तिथून जिब्राल्टर, भूमध्य समुद्र, सुएझ कालवा, तांबडा समुद्र, बाब-अल-मंदेब, एडनचे आखात आणि मग अरबी समुद्र. जॉर्डनला समुद्रकिनारा म्हणजे अकाबाच्या आखाताच्या टोकाला लागलेला चिंचोळा पट्टा. तिथून तिरानची सामुद्रधुनी आणि पुन्हा बाब-अल-मंदेब. रशियाचा माल बाल्टिकमधून निघाला तर डेन्मार्कच्या सामुद्रधुन्या, काळ्या समुद्रातून निघाला तर बॉस्फरस आणि दार्दानेल्स, आणि दोन्ही वाटा शेवटी सुएझकडे. चीनचा मलाक्कातून. गावात आलेल्या थैल्यांपैकी एकही अशी नव्हती की जिने वाटेत अरुंद पाणी ओलांडले नाही. मुले गप्प झाली आणि मग एकदम बोलू लागली. भूगोलाच्या तासाला असे क्वचित होते.

तांबड्या समुद्रात काय झाले

बाब-अल-मंदेब येमेन आणि आफ्रिकेतले जिबुती, एरिट्रिया यांच्यामध्ये आहे. सर्वांत अरुंद जागी रुंदी सुमारे ३० किमी. मध्ये पेरिम, म्हणजे मायून नावाचे बेट आहे. त्याच्या पूर्वेची वाट तीनेक किलोमीटरची, पश्चिमेची रुंद आणि खोल. मोठी जहाजे पश्चिमेच्या वाटेने जातात. किनाऱ्यावरून डागलेले क्षेपणास्त्र किंवा ड्रोन पोहोचायला हे अंतर काहीच नाही. इथे सगळा प्रश्न या अंतराचा आहे. खुल्या महासागरात जहाज शोधावे लागते. सामुद्रधुनीत ते ठरलेल्या वाटेने आपल्यासमोरून जाते.

१९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनच्या हूथी बंडखोरांनी गॅलेक्सी लीडर हे जहाज ताब्यात घेतले. गाझातल्या युद्धाचा निषेध म्हणून आपण हे करतो असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबरच्या मध्यापासून मोठ्या जहाज कंपन्यांनी तांबडा समुद्र सोडला आणि आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपची वाट धरली. २०२४ च्या पहिल्या दोन महिन्यांतच सुएझमधून जाणारी वाहतूक आदल्या वर्षीच्या जवळपास निम्म्यावर आली. १९८२ चा सागरी कायदा सांगतो की आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनीतून जाणे-येणे कोणालाही थांबवता येत नाही. पण तो कायदा राष्ट्रांसाठी आहे, आणि हल्ला करणारा गट स्वतःला त्यात बांधून घेत नव्हता.

मुलांना सर्वांत जास्त लागली ती रूबीमार या जहाजाची गोष्ट. १८ फेब्रुवारी २०२४ ला त्याच्यावर क्षेपणास्त्र पडले. पाणी शिरत शिरत ते २ मार्चला बुडाले. त्यात सुमारे २१,००० टन खत होते, अमोनियम फॉस्फेट सल्फेट. एका मुलीने वहीत भागाकार करून सांगितले, सर, ५० किलोच्या ४ लाख २० हजार थैल्या. ते जहाज भारताकडे येत नव्हते, पण गावातल्या मुलीला त्या बुडालेल्या खताची मोजणी एकरात करता येते आणि मला ती मोजणी कुठल्याही आकृतीपेक्षा मोलाची वाटली.

वऱ्हाडाला ही वाट नवी नाही, हेही इथे सांगायला हवे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, तिथला कापूस थांबला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा झाला. १७ नोव्हेंबर १८६९ ला सुएझ कालवा उघडला आणि १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत आगगाडी आली. खामगावची गाठ मुंबई बंदराशी आणि मुंबईची गाठ बाब-अल-मंदेब व सुएझशी, अशी ती साखळी होती. तेव्हा माल इथून जात होता, आता खत तिकडून येते. वाट तीच.

सुतळी आणि पृथ्वीगोल

वळसा किती मोठा, हे मुलांनी सुतळी घेऊन पृथ्वीगोलावर मोजले. एक टोक मोरोक्कोवर, सुतळी भूमध्य समुद्रातून सुएझ, तांबडा समुद्र, आणि दुसरे टोक गुजरातच्या किनाऱ्यावर. तिथे गाठ मारली. मग तीच सुतळी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने खाली, केपला वळसा, पुन्हा वर. पहिल्या गाठीपासून सुतळी कितीतरी पुढे गेली. गोल लहान, सुतळी जाड, त्यामुळे आकडा अंदाजाचाच. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनेच सांगितले की तांबड्या समुद्रातल्या संकटामुळे डीएपीच्या जहाजांना केप ऑफ गुड होपमार्गे सुमारे ६,५०० किमी जास्त अंतर कापावे लागले.

खत वाहणारे जहाज ताशी बारा-तेरा सागरी मैलांच्या वेगाने जाते, म्हणजे दिवसाला साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. ६,५०० भागिले ५५०. जवळपास बारा दिवस. आता हे बारा दिवस काकाजींच्या वावरात आणून ठेवा. वापसा आल्यापासून वरच्या थरातली ओल जाईपर्यंतचा काळ साधारण तेवढाच असतो.

आणि उशीर एकदाच होत नाही. जहाज परतही लांबच्या वाटेने जाते, म्हणून त्याची पुढची फेरीही उशिरा लागते. तेवढाच माल तेवढ्याच काळात आणायला जास्त जहाजे लागतात आणि ती आयत्या वेळी मिळत नाहीत. बंदरावर माल उतरला तरी काम संपत नाही. एका मोठ्या जहाजात ५०-६० हजार टन खत असते आणि मालगाडीच्या एका रॅकमध्ये साधारण अडीच-पावणेतीन हजार टन. म्हणजे एका जहाजामागे वीसेक रॅक. त्या सगळ्या राज्यांत वाटल्या जातात, त्यातली एखादी धामणगावला लागते. यवतमाळ शहरापर्यंत मोठी रेल्वे २०२४ मध्ये पोहोचलेली नव्हती. वर्धा-कळंब एवढा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तेव्हा धामणगावहून ट्रक, ट्रकमधून दुकान, दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा, मग थैली. विदर्भ देशाच्या मध्यावर आहे याचे आपल्याला कौतुक असते. खताच्या बाबतीत मध्यावर असणे म्हणजे पूर्व आणि पश्चिम दोन्ही किनाऱ्यांपासून लांब असणे.

जॉर्डनच्या थैलीपाशी एका मुलाने चांगला प्रश्न विचारला. मोरोक्कोला वळसा आहे, अकाबाला काय आहे? त्याने स्वतःच बोट फिरवून पाहिले. अकाबाहून दक्षिणेला बाब-अल-मंदेब नको असेल तर उत्तरेला सुएझमधून भूमध्य समुद्रात जायचे, जिब्राल्टर ओलांडायचे, पूर्ण आफ्रिका फिरायची आणि मग भारत. अरबी समुद्राच्या इतक्या जवळ असलेला देश, आणि त्याची वाट मोरोक्कोहूनही लांब होते. याच आखाताच्या तोंडाची तिरानची सामुद्रधुनी इजिप्तने मे १९६७ मध्ये इस्रायलच्या जहाजांना बंद केली होती आणि जूनमध्ये युद्ध पेटले. त्या युद्धानंतर सुएझ कालवा १९७५ पर्यंत बंद राहिला. आठ वर्षे जग केपला वळसा घालत होते.

दोष एकट्या समुद्राचा नाही

इथे थांबून एक गोष्ट नीट मांडायला हवी, कारण वर्गात आणि गावात दोन्हीकडे मला ती घाई दिसली: सगळे हूथींमुळे झाले. तसे नाही. चीनने आपल्या शेतकऱ्यांसाठी माल राखून डीएपीच्या निर्यातीवर बंधने आणली होती आणि तिथून येणारे खत २०२४-२५ मध्ये आदल्या वर्षीच्या निम्म्याच्याही खाली गेले. हा धक्का बाब-अल-मंदेबपेक्षा मोठा होता, असे माझे मत आहे. शिवाय बाहेरचा भाव वाढलेला आणि इथली किंमत बांधलेली, त्यामुळे उन्हाळ्यात माल आणून ठेवावा असा उत्साह आयातदारांना नव्हता. रब्बी सुरू होताना देशातला साठा दरवर्षीपेक्षा बराच कमी होता.

मग सामुद्रधुनीचे काय? साठा पुरेसा असता तर बारा दिवसांचा उशीर कोणाच्या लक्षातही आला नसता. गोदामातला माल निघाला असता आणि जहाज आल्यावर गोदाम भरले असते. साठा नसल्यामुळे प्रत्येक जहाजाची तारीख थेट पेरणीच्या तारखेला भिडली. अरुंद वाटेचे महत्त्व मोजताना ती किती रुंद आहे यापेक्षा आपल्या गोदामात किती दिवसांचा माल आहे, हे आधी विचारले पाहिजे. पाठ्यपुस्तकात हा प्रश्न यायला हवा असे मला कळकळीने वाटते.

काकाजींनी काय केले

त्यांनी चार एकर दोन भागांत तोडले. दोन एकर लगेच पेरायचे ठरवले, डीएपीशिवाय. तालुक्याच्या कृषी सहायकांनी जुना हिशेब सांगितला: डीएपीच्या एका थैलीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन थैल्या आणि वीस किलो युरिया. सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद, म्हणजे तीन थैल्यांत २४ किलो. वीस किलो युरियात ९ किलोच्या वर नत्र. बरोबरी झाली. वर ११ टक्के गंधक मिळते आणि हरभऱ्याला ते मानवते.

कागदावर हे सोपे आहे. वावरात त्याला कष्ट आहेत. दोन थैल्यांच्या जागी सहा थैल्या आणायच्या. सुपर फॉस्फेटची भुकटी ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राच्या नळीत अडकते, म्हणून दाणेदारच शोधावे लागले. युरिया आणि सुपर फॉस्फेट आदल्या रात्री कालवून ठेवले तर सकाळी ओलसर, चिकट होते. म्हणून धुऱ्यावर ताडपत्री टाकून, पेटीत भरण्यापुरते कालवायचे आणि लगेच पेरायचे, असे त्यांनी केले. मुलगा फावड्याने कालवत होता आणि ते पेटी भरत होते. खर्चही एका डीएपीच्या थैलीपेक्षा थोडा जास्तच पडला.

उरलेल्या दोन एकरांत डीएपीची वाट पाहिली, कारण त्यांचा भरवसा अजून डीएपीवरच होता. रॅक लागली, रांगेत उभे राहून दोन थैल्या मिळाल्या, पेरणी झाली. तोवर वरची ओल गेली होती. पहिल्या तुकड्यात तासे, म्हणजे पेरणीच्या ओळी, एकसारखी उगवली. दुसऱ्यात जागोजागी खाडे पडले. पाणी नव्हते, त्यामुळे ते भरून काढता आले नाहीत. एका शेतातल्या दोन तुकड्यांवरून शिफारस काढता येत नाही, आणि पहिला तुकडा थोडा भारी जमिनीचा आहे हेही खरे. पण काकाजींनी स्वतः जो निष्कर्ष काढला तो मला पटतो: खत बदलले त्याने बिघडले नाही, ओल गेली त्याने बिघडले.

सुपर फॉस्फेट देशात बनते म्हणून आपण सुटलो, असे मात्र समजू नये. त्याच्या खडकाचा मोठा भाग जॉर्डन, इजिप्त, मोरोक्को अशा ठिकाणांहून येतो आणि गंधक आखाती देशांतल्या तेल व वायू प्रक्रियेतून. फरक एवढाच की कच्चा माल कारखान्यात आधीच येऊन पडलेला असतो, त्यामुळे समुद्रातल्या एका वाईट महिन्याचा फटका त्याच महिन्यात बसत नाही.

होर्मुझ वेगळे का

२०२४ च्या टंचाईत आपल्याला सर्वांत जास्त आधार सौदी डीएपीचा झाला. ते होर्मुझमधून येते आणि ती वाट त्या काळात चालू होती. म्हणून पुढचे पाऊल समजण्यासारखे आहे: जुलै २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांनी सौदीच्या मादेन या कंपनीशी करार केला, वर्षाला ३१ लाख टन डीएपी, पाच वर्षांसाठी. चीनच्या लहरीपासून सुटका आणि तांबड्या समुद्राचा वळसा नाही. करार चांगला आहे. पण नकाशा उघडून पाहिला की दिसते, आपण आपला मोठा हिस्सा एकाच अरुंद पाण्याच्या आत नेऊन ठेवला.

होर्मुझ इराण आणि ओमानचे मुसंदम द्वीपकल्प यांच्यामध्ये. सर्वांत अरुंद जागी सुमारे ३३ किमी, आणि जहाजांच्या येण्याची व जाण्याची ठरलेली वाट प्रत्येकी तीन-साडेतीन किलोमीटरची. २०२४ मध्ये जगात वापरल्या गेलेल्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा आणि द्रवरूप नैसर्गिक वायूच्या व्यापाराचाही जवळपास तेवढाच हिस्सा इथून गेला. बाब-अल-मंदेबशी त्याची तुलना करताना मुले रुंदीकडे पाहतात, कारण दोन्ही तीस-तेहतीस किलोमीटरच्या. खरा फरक मागच्या बाजूला आहे. तांबडा समुद्र दोन्ही टोकांना उघडा आहे, आणि त्याला टाळून आफ्रिकेभोवती वाट आहे. इराणचे आखात तीन बाजूंनी जमिनीने बंद आहे आणि त्याला होर्मुझ हे एकच तोंड. ज्या वावराला एकच पांदण आहे तिथे पांदणीत ट्रॅक्टर रुतला की कापूस घरी येत नाही, कितीही लांबून फिरायची तयारी असली तरी. होर्मुझच्या आत असलेल्या बंदरांचे तसे आहे.

तेलासाठी थोड्या पर्यायी वाटा आहेत. सौदीची सुमारे १,२०० किमीची पाइपलाइन तांबड्या समुद्रावरच्या यान्बूपर्यंत जाते, अमिरातीची हबशानहून फुजैरापर्यंत. पण पाइपलाइनमधून डीएपी येत नाही. कतारचा वायूही येत नाही. तो रास लफान बंदरातून जहाजाने निघतो, होर्मुझ ओलांडतो आणि गुजरातमधल्या दहेजला उतरतो. वर्षाला ७५ लाख टनांचा हा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये २०४८ पर्यंत वाढवला गेला. आपल्या युरियाच्या कारखान्यांना वायूच लागतो, आणि त्यातला बराचसा आयात केलेला. म्हणजे होर्मुझ अडले तर डीएपी, युरिया आणि सुपर फॉस्फेटचे गंधक, तिन्ही एकदम अडकतात. ओमानमधल्या सूर इथल्या युरियाच्या कारखान्याचे महत्त्व इथे कळते. इफ्को आणि कृभको या आपल्या सहकारी खत संस्था त्यात भागीदार आहेत आणि तो होर्मुझच्या बाहेर, ओमानच्या आखातावर आहे. कारखाना सामुद्रधुनीच्या कोणत्या बाजूला उभा करायचा, हा किती मोठा निर्णय असतो ते यातून दिसते.

जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण यांच्यात लढाई झाली, अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले केले, आणि इराणच्या संसदेने होर्मुझ बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. सामुद्रधुनी तेव्हा बंद झाली नाही. २४ जूनला युद्धविराम झाला. त्याच दिवसांत आमच्याकडे सोयाबीन-कपाशीच्या पेरण्या चालू होत्या. काकाजींच्या मुलाने मला फोन करून विचारले, "सर, युरिया आताच घेऊन ठेवू का?" बातमी वाचून असा प्रश्न त्याला पडला, याचे मला समाधान वाटले. मी सांगितले की हंगामापुरता घे, जास्त भरू नको. प्रत्येकाने भरला तर समुद्र मोकळा असूनही दुकान रिकामे होईल.

राज्यात युरिया आणि डीएपीचा संरक्षित साठा ठेवण्याची पद्धत आहे. माझी मागणी त्या साठ्याच्या वेळापत्रकाबद्दल आहे. खरिपाची घाई संपली की रब्बीचा साठा मागे पडतो, आणि कोरडवाहू हरभऱ्याचे तालुके आधी पेरतात, बागायती गव्हाचे नंतर. धामणगावसारख्या रॅक पॉइंटवर स्फुरदाची खते, डीएपी आणि दाणेदार सुपर फॉस्फेट दोन्ही, सप्टेंबरअखेर पडलेली हवीत. प्रमाण ठरवताना मागच्या वर्षीचा खप पाहतात तो पाहावाच, पण त्यात जहाजाच्या वळशाचे बारा दिवस आणि बंदरापासून दुकानापर्यंतचे दिवस मिळवावेत. काकाजींनी आपल्यापुरते तेच केले आहे: २०२५ च्या रब्बीसाठी चारही एकरांचे सुपर फॉस्फेट त्यांनी सोयाबीन सोंगायच्या आधीच आणून घरात लावले.